वॉकर बूट एका पायात, दुखणं मात्र दुसऱ्याच बाजूला

प्रश्न थोडक्यात असा: डाव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडाला तडा गेला. ऑपरेशन लागलं नाही. गुडघ्याखालपर्यंत येणारा वॉकर बूट सहा आठवड्यांसाठी दिला आहे आणि त्यात वजन टाकून चालायची परवानगी आहे. आता तिसरा आठवडा चालू आहे. घोटा फारसा दुखत नाही, पण उजवा खुबा आणि कंबर संध्याकाळपर्यंत धरून येते. घरचे म्हणतात, तू तिरकी चालतेस. बूट चुकीचा आहे का? घरात असताना काढून ठेवला तर चालेल का? आणि ही चाल कायमची अशीच राहील का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर आजच लागेल. ज्या डॉक्टरांनी बूट दिला त्यांनी सांगितल्याशिवाय घरात चालताना तो काढू नका. तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी होतं, पण हाड जुळायचं काम तेव्हा अर्ध्यावर असतं. न दुखणं म्हणजे बरं होणं नव्हे.

बूट चुकीचा असेल असं मला वाटत नाही. घोळ बहुधा उजव्या पायात आहे. त्या पायात तुम्ही काय घालता हे प्रश्नात नाही. माझ्याकडे येणारे पेशंटही ते आपणहून सांगत नाहीत, कारण त्या पायाचा या प्रकरणाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. मी विचारतो, घरात उजव्या पायात काय असतं? उत्तर ठरलेलं: काही नाही, किंवा पातळ चप्पल.

वॉकर बुटाचा तळ जाड असतो. खालचा कडक तळ, त्यावरचं अस्तर आणि आतली गादी मिळून बुटातला पाय जमिनीपासून साधारण २ ते ४ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे बूट चढवला की तुमचा डावा पाय तेवढ्याने लांब झाला. उजवा अनवाणी असेल तर फरक पूर्ण, पातळ चपलेत असेल तर थोडासाच कमी.

आता आरशासमोर उभ्या राहा. दोन्ही पाय सरळ, दोन्ही गुडघे ताठ. हाताचे पंजे कमरेच्या दोन्ही बाजूंना, हाडाच्या वरच्या कडेवर टेकवा. डावा हात वर दिसेल, उजवा खाली. कमरेचं हाड उजवीकडे उतरलं की त्यावर उभा असलेला कणाही उजवीकडे कलायला हवा. पण डोकं आणि डोळे सरळ राहायचा हट्ट सोडत नाहीत. म्हणून कंबर मध्येच डावीकडे वाकते आणि वरचं शरीर पुन्हा मध्यावर आणते. घरच्यांना दिसणारा तिरकेपणा हाच. तो तुमच्या हाडांत नाही, जमिनीपासूनच्या उंचीत आहे.

उभं राहण्यात एवढं होतं. चालताना त्यात भर पडते. डाव्या पायावर येताना तुम्ही दर वेळी एक बुटकी पायरी चढता आणि उजव्या पायावर येताना ती उतरता. उतरताना शरीर उजव्या पायावर जरा आदळतं. दिवसाला काही हजार पावलं धरली तर उजवा गुडघा आणि खुबा किती वेळा हा धक्का झेलतात बघा.

उजव्या खुब्याचंच नाव तुम्ही का घेतलंत याचं कारण आणखी आत आहे. आपण एक पाय उचलतो तेव्हा दुसऱ्या पायाच्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू कमरेचं हाड पडू देत नाहीत. तुमचा डावा पाय हवेत असताना हे काम उजव्या खुब्याचं. एरवी हवेतला पाय पुढे जाताना चवडा जमिनीच्या अगदी जवळून, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवरून जातो. शरीर काटकसरी आहे, लागेल त्याहून जास्त उचलत नाही. आता पाय लांब झाल्यावर ही जागा उरतच नाही, बुटाचं टोक जमिनीला घासणार. मग काहीतरी करावं लागतं. कुणी डावी कंबर वर खेचतो. कुणी पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. कुणी उजव्या चवड्यावर उचलला जाऊन, उडी मारल्यासारखा, डाव्या पायाला वाट करून देतो. तिन्ही प्रकारांत राबतो तो उजवा पाय. वर बुटाचं वजन. गुडघ्यापर्यंतचा बूट किलोच्या पुढे सहज जातो, आणि हे वजन पायाच्या अगदी टोकाला, म्हणजे खुब्यापासून सर्वांत लांब टांगलेलं. बादली शरीराजवळ धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक, तोच इथे.

हे मी नुसतं पेशंट बघून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या पायाच्या करंगळीमागचं लांब हाड मोडलं आणि पाच आठवडे हाच बूट माझ्याही पायात होता. लोकांना वर्षानुवर्षं जे सांगत आलो ते सगळं ठाऊक असूनही दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकघरात ओट्यापाशी मी स्वतःला पकडलं: सगळा भार चांगल्या पायावर, बुटाचा पाय बाजूला पसरलेला, एक खांदा खाली. चहा होईपर्यंत तसाच उभा होतो. आठवड्याने कंबर बोलू लागली. मोडलेल्या हाडापेक्षा जास्त मला कमरेनेच छळलं, हे सांगायला थोडी लाज वाटते.

तेव्हा पहिलं काम उंची जुळवायचं. आरशासमोर हात कमरेवर ठेवून उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी उजव्या पायाखाली एकेक वही सरकवायला सांगा. पातळ वह्या घ्या, म्हणजे अंदाज बारीक येतो. पूर्ण पाऊल वहीवर हवं, नुसती टाच नको. दोन्ही हात एका रेषेत आले की थांबा, वह्यांची थप्पी पट्टीने मोजा. आलेला आकडा म्हणजे उजव्या पायाला हवी असलेली उंची. बहुतेकांना हे करताना कंबर जागच्या जागी सैल झाल्यासारखी वाटते. तसं झालं तर दुखण्याचं मूळ कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

ती उंची आणायची कशी? जाड, सपाट, न दबणाऱ्या तळाचा बंद बूट उजव्या पायात घातला की बराच फरक भरून निघतो. उरलेल्यासाठी बुटाच्या खालून पट्ट्याने बांधायचा उंचवटा मिळतो, तो नेमका याच कामासाठी बनवलेला असतो. फक्त आतून गादी घालून भागवायला जाऊ नका. सेंटिमीटरभर गादी घातली की टाच बुटातून निसटायला लागते आणि मग उजवाही पाय मुरगळायची सोय होते. उंच टाचेची चप्पल हाही इलाज नव्हे. ती फक्त टाच उचलते आणि गुडघा पुढे ढकलते. पूर्ण तळ उचलला गेला पाहिजे. मिलिमीटर न् मिलिमीटर जुळवायची गरज नाही, उजवी बाजू किंचित कमी राहिली तरी चालते. उलट ती डावीपेक्षा उंच झाली तर नवीनच भानगड.

आणि ही जोडी घरातही. सकाळी पलंगावरून उतरण्याआधी दोन्ही पायांत. रात्री पाणी प्यायला उठलात तरी. बहुतेकांची कंबर बिघडते ती बाहेर फिरताना नाही, घरातल्या घरात.

ज्यांचा टाचेमागचा जाड स्नायुबंध तुटला आहे त्यांच्या बुटात टाचेखाली पाचरी असतात, त्यामुळे पाऊल खाली झुकलेलं राहतं. त्यांच्यात उंचीचा फरक आणखी मोठा असतो, आणि डॉक्टर दर काही दिवसांनी एकेक पाचर काढतात तसा तो बदलत जातो. त्यांनी प्रत्येक पाचर निघाली की वह्यांचा प्रयोग पुन्हा करायचा.

उंची जुळली तरी अर्धं काम राहतं. कारण बूट घोटा बंद करतो, आणि घोटा बंद असताना चालणं ही वेगळी कला आहे.

जॅकलिन पेरी या अमेरिकी अस्थिशल्यविशारद बाईंनी माणसाच्या चालण्याचा जन्मभर अभ्यास केला. चालताना शरीर पावलावरून पुढे कसं डोलत जातं ते त्यांनी तीन टप्प्यांत मांडलं आणि त्यांना रॉकर म्हटलं. पहिला टाचेचा: टाच टेकते आणि तिच्या गोलाईवरून पाऊल खाली येतं. दुसरा घोट्याचा: तळ जमिनीवर सपाट आणि नडगी घोट्यातून पुढे झुकते, साधारण १० अंश. तिसरा चवड्याचा: टाच उचलली जाते, बोटांच्या मुळाशी पाऊल वळतं आणि पोटरी शरीर पुढे लोटते. डोलखुर्चीच्या कमानीसारखं एकातून दुसऱ्यात सहज जाणारं हे काम आहे.

बूट यातला मधला टप्पा पुरता बंद करतो आणि बाकीचे दोन बोथट करतो. मोडलेल्या हाडाला तेच हवं आहे. हरवलेल्या डोलण्याची थोडी भरपाई म्हणून बुटाचा तळ होडीच्या बुडासारखा गोलाईचा असतो. बूट टेबलावर ठेवून बोटाने टोकाशी दाबून बघा, डोलेल. तुम्ही त्याला डोलू दिलंत तर तो तुम्हाला पुढे नेतो. गंमत अशी की बहुतेक जण त्याला डोलूच देत नाहीत.

दोन सवयी आड येतात. पहिली, लांब पाऊल. बुटाची टाच लांब जाऊन टेकली की कडक तळ धाडकन सपाट होतो आणि बंद घोट्यामुळे नडगीही त्याच्याबरोबर पुढे फेकली जाते. गुडघा वाकू लागतो, त्याला सावरायला मांडी जोर लावते. बुटात चालून मांडी का भरून येते असं लोक विचारतात, ते यामुळे. तेच पाऊल मागे राहतं तेव्हा उलट घडतं. नडगी पुढे झुकू शकत नाही, म्हणून गुडघा मागे ताठ ढकलला जातो.

दुसरी सवय बुटाचं टोक बाहेर वळवायची. गोलाईवरून पुढे जाण्याऐवजी पाय आडवा करून त्याच्या आतल्या कडेवरून घरंगळत जायचं. सोपं वाटतं खरं, पण गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि खुब्याला पीळ बसतो. बूट निघाल्यावर सर्वांत चिवटपणे मागे राहणारी सवय हीच.

म्हणून पाऊल लहान करा. नेहमीच्या दोनतृतीयांश, आणि दोन्ही पायांचं सारखं. बुटाचा पाय लांब टाकून चांगला पाय फक्त त्याच्या बरोबरीला आणायचा, ही लंगडी चाल नको. चांगला पाय बुटाच्या थोडा पुढे गेला पाहिजे, त्याशिवाय बूट डोलत नाही. टोक समोर. टाच हलके टेकवा आणि मग पाय उचलायची घाई न करता अंग पुढे जाऊ द्या. वेग सोडून द्या. मोबाइलवर तालाचं अ‍ॅप लावून चाललात तर दोन पावलांमधला वेळ सारखा होतो. कानाला जे ऐकू येतं ते डोळ्यांनी दिसत नाही: ‘टक... टकटक... टक’ असा आवाज येत असेल तर तुम्ही लंगडताय.

नजर पायाशी नको. बुटाकडे बघत चालणाऱ्याची मान आणि खांदे आठवडाभरात पुढे येतात.

काठी वापरायची असेल तर उजव्या हातात. पेशंट जवळजवळ हमखास ती दुखऱ्या बाजूला धरतात आणि मग सगळं अंग काठीवर डावीकडे कलतं. काठी आणि बुटाचा पाय एकत्र पुढे जायला हवेत, हात-पाय एरवी उलटसुलट हलतात तसे. हात मोकळा सोडून उभं राहिल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ हवी. जिना चढताना उजवा पाय आधी, उतरताना काठी आणि बूट आधी. उतरताना वरच्या पायरीवर राहिलेल्या पायाचा घोटा वाकावा लागतो, आणि तुमचा डावा घोटा वाकणार नाही, म्हणून हा क्रम.

गाडी चालवण्याबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. उजव्या पायात बूट असणाऱ्यांचा ब्रेक उशिरा लागतो हे मोजून दाखवलेलं आहे. तुमचा डावा पाय आहे, पण क्लच असेल तर तुमचीही गाडी बंदच.

बूट घालायची पद्धत आता थोडक्यात. बसून, गुडघा काटकोनात ठेवून, टाच अगदी मागे आणि तळाला टेकेपर्यंत सरकवायची. मी आधी घोट्याच्या वळणावरचा पट्टा लावायला सांगतो, म्हणजे टाच जागेवर अडकते, मग बाकीचे. चालताना टाच आत वरखाली होत असेल तर बूट सैल आहे आणि प्रत्येक पावलाला तुम्ही तो बोटांनी धरून ठेवताय. हवेची पिशवी असलेल्या बुटात हवा आधार वाटेल इतकीच, बोटं थंड किंवा बधिर होईपर्यंत नाही. बुटाची वरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाताला लागणाऱ्या हाडाच्या गुठळीवर यायला नको. तिथून एक नस हाडाला चिकटून खाली जाते. ती दबली की पावलाच्या वरच्या भागाला मुंग्या येतात, आणि जास्त दबली तर पाऊल वर उचलणं जड जातं. असं काही वाटलं तर दिवस घालवू नका.

घरात बूट काढायचा मोह तुम्हाला एकटीलाच नाही. मधुमेहामुळे तळपायाला जखम झालेल्यांवर २००३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांना काढता-घालता येणारे बूट दिले होते आणि पावलं मोजणारं यंत्र अंगावर आणि बुटावर, दोन्हीकडे लावलं होतं. दिवसभरातल्या एकूण पावलांपैकी जेमतेम २८ टक्के बुटात पडली होती. बाकीची त्याच जखमेवर. अशा पेशंटना म्हणूनच न काढता येणारं प्लास्टर किंवा बूट जास्त भरवशाचा मानतात. ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी हे सगळं उत्तर सावधपणे वाचावं. त्यांना बूट लागतोय, घासतोय हे कळतच नाही, आणि तोलही मुळात कच्चा असतो. त्यांनी रोज बूट काढून दोन्ही तळवे डोळ्यांनी बघायचे, तेही बूट काढायची परवानगी असेल तरच.

तुमच्यासारखं दुसरीकडेच दुखणं किती जणांना होतं? बूट घातलेल्यांवर केलेल्या पाहणीत निम्म्याहून जास्त लोकांनी नवीन किंवा वाढलेलं दुखणं सांगितलं आहे. माझ्या अनुभवात ते पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतं. आधीपासून कमरेचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांना बूट देताना त्याच दिवशी दुसऱ्या पायाची उंची जुळवून द्यायला हवी. घाईच्या ओपीडीत ते राहून जातं, आणि त्यात डॉक्टरांइतकाच आम्हा फिजिओथेरपिस्ट लोकांचाही दोष आहे.

काही गोष्टी मात्र उंचीच्या खात्यात टाकू नका. पोटरी सुजून दुखायला लागली, गरम लागली, तर रक्ताची गुठळी झाली नाही ना हे त्याच दिवशी तपासून घ्या. पाय बंद ठेवला की तो धोका वाढतो. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सीत. कमरेतून निघून गुडघ्याखाली उतरणारी कळ, मुंग्या, किंवा घोट्यातच पुन्हा वाढलेलं दुखणं, हेही डॉक्टरांना सांगायचं. उंची जुळवून आठवडा-दहा दिवस झाले तरी खुबा तसाच दुखत असेल तर कुणाला तरी तुमची चाल प्रत्यक्ष बघू द्या.

राहिला शेवटचा प्रश्न. चाल कायमची वाकडी होत नाही. पण बूट काढला की आपोआप सरळ होते असंही नाही. सहा आठवड्यांत घोटा आखडलेला असतो, पोटरी बारीक झालेली असते, आणि मेंदूने नवीन चाल पाठ केलेली असते. पहिल्या दोन गोष्टींवर व्यायाम आहेत. परवानगी मिळाल्यावर भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा, दोन्ही पायांच्या टाचा उचलायच्या, नंतर एकाच पायाची. बूटही एकदम सोडायचा नाही. आधी घरात तासभर नेहमीचा बूट, मग दोन तास, बाहेर वॉकर बूटच, असं करत आठवडा-दोन आठवड्यांत सोडवायचा. उजव्या पायाखालचा उंचवटा मात्र वॉकर बूट निघाला की त्याच क्षणी निघाला पाहिजे. तो विसरून तसाच चालणारेही मी पाहिले आहेत.

तिसरी गोष्ट, पाठ झालेली चाल, जास्त हट्टी. एक शाळेतल्या बाई बूट निघून दीड महिन्याने आल्या होत्या. एक्स-रे उत्तम, घोट्याची हालचाल जवळपास पूर्ण, तरी डावा पाय बाहेरून फिरवूनच पुढे टाकत होत्या. मी म्हटलं, तर म्हणाल्या, मी तर सरळ चालतेय. मग त्यांच्याच मोबाइलवर समोरून आणि मागून अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण केलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं, काही बोलल्या नाहीत, उठल्या आणि फरशीच्या सांध्यावर डावं पाऊल ठेवत खोलीच्या टोकापर्यंत गेल्या. तिसऱ्या फेरीला पाय सरळ येत होता. त्यानंतर त्या दर आठवड्याला एक नवीन व्हिडिओ पाठवायच्या. चौथ्यात कुठला पाय मोडला होता हे मला आधीच माहीत नसतं तर सांगता आलं नसतं.